चित्र पुरं झालं, आता सही कुठे?

एका ताईंचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

‘वय ६१. निवृत्त झाल्यावर ब्रश हातात घेतला, त्याला आता तीन वर्षं होतील. कुणाकडे शिकले नाही. गेल्या वर्षभरात अ‍ॅक्रिलिकमध्ये बारा चित्रं झाली, त्यांतल्या सहांचे फोटो सोबत पाठवते. चित्र काढताना काही अडत नाही, अडतं ते सहीपाशी. आधी उजव्या कोपऱ्यात लाल रंगात पूर्ण नाव घालायचे. मुलगा म्हणाला, “आई, चित्राआधी सहीच दिसते.” मग नाव लपवायला लागले. पुस्तकाच्या पाठीवर, किटलीच्या मुठीवर, रस्त्यातल्या डबक्यात. त्यात मला फार आनंद मिळतो. पण बहीण म्हणते हा पोरखेळ आहे, खरे चित्रकार असं करत नाहीत. आता नावाऐवजी नुसतं एक पीस काढावं असं मनात आहे. सासरचं नाव घालावं की माहेरचं, तेही ठरत नाही. शिवाय मी कोण एवढी मोठी लागून गेले सही करायला, असंही वाटतं. एक निसर्गचित्र नावाजलेल्या चित्रकाराच्या चित्रावरून केलंय, त्यावर सही करावी का? पहिल्या दोन वर्षांतल्या चित्रांवर सहीच नाही, ती आता करू का? आणि शेवटचं, खुर्चीचं चित्र. ह्यांची खुर्ची, तिच्या हातावर ठेवलेला त्यांचा चष्मा. त्यावर तीनदा सही केली, तीनदा पुसली. कोपऱ्यात डाग पडलाय. चष्म्याच्या काचेत बारीक अक्षरांत नाव घालू का? माझं नाव छापू नये.’

ताई,

सहाही फोटो मी मोठे करून पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले. आधी बहिणीच्या म्हणण्याचं बघू, कारण त्या एका वाक्याने तुमचा हात आखडलाय असं पत्रावरून जाणवतं. खरे चित्रकार असं करत नाहीत, हे खरं नाही. शेकडो वर्षं करत आलेत, आणि अगदी मनापासून करत आलेत.

यान व्हान आइक या युरोपातल्या चित्रकाराने १४३४ साली एका जोडप्याचं चित्र काढलं. मागच्या भिंतीवर गोल आरसा आहे आणि त्याच्या वर, भिंतीवरच, नक्षीदार अक्षरांत त्याने लिहिलंय, ‘यान व्हान आइक इथे होता.’ ‘हे मी काढलं’ असंही नाही, नुसतं ‘इथे होता’. जहांगीराच्या दरबारातल्या बिचित्र नावाच्या चित्रकाराने १६१५ ते १६१८च्या सुमारास बादशहाचं एक चित्र केलं. त्यात बादशहा वाळूच्या घड्याळाच्या सिंहासनावर बसलाय. बिचित्रने स्वतःला डाव्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या खाली उभं केलं आणि नाव घातलं ते बादशहाच्या पायाखालच्या चौरंगावर. सिंहासनावर चढताना बादशहाचा पाय ज्यावर पडेल, नेमकं तिथे. जागा निवडूनच त्याने सगळं सांगून टाकलं. काराव्हाज्जो या इटलीतल्या चित्रकाराची सही असलेलं एकच चित्र आज ठाऊक आहे, १६०८ मधलं. त्यात शिरच्छेद होत असलेल्या संत जॉनच्या मानेतून जमिनीवर रक्त ओघळलंय आणि त्याच रक्तातून काराव्हाज्जोचं नाव उमटलंय.

तेव्हा पोरखेळ हा शब्द मनातून काढून टाका. प्रश्न नाव लपवावं की नाही हा नाहीच. त्या नावाला त्या चित्रात राहायला घर आहे का, एवढंच बघायचं. तुमच्या चित्रांत एका ठिकाणी आहे, एका ठिकाणी जवळजवळ आहे, आणि एका ठिकाणी मुळीच नाही.

पुस्तकांच्या कपाटाचं चित्र घ्या. वरून दुसऱ्या फळीवर, तपकिरी पुस्तकाच्या पाठीवर तुमचं नाव आहे. मला ते सापडायला वेळ लागला आणि सापडल्यावर बरं वाटलं. ते तिथे शोभतं, कारण पुस्तकाच्या पाठीवर अक्षरं असतातच. शेजारच्या पुस्तकांवर तुम्ही जसे पुसट सोनेरी फटकारे मारलेत, तसंच हेही आहे. त्याच ब्रशचं, त्याच ताकदीचं. नाव सोडून बाकी पुस्तकांवर काहीच नसतं तर ते उघडं पडलं असतं. ही सही आहे तशी राहू द्या, तिला हात लावू नका.

किटलीच्या मुठीवर मात्र घाई झाली. नाव छान जागी आहे, पण ते मुठीवर चिकटवल्यासारखं दिसतं. मूठ गोल वळते आणि अक्षरं सरळ रेषेत चाललीत. शिवाय ती सपाट काळी आहेत. तुमच्या मनात धातूवर कोरलेलं नाव होतं ना? मग कोरलेलं अक्षर कसं दिसतं ते एकदा खऱ्या भांड्यावर निरखून पाहा. कोरलं म्हणजे खाच पडली. तुमच्या चित्रात उजेड डावीकडून, वरून येतो. खाचेची डावी-वरची कड उजेडाकडे पाठ करून असते, म्हणून ती गडद. समोरची, उजवी-खालची कड उजेड झेलते, म्हणून तिथे बारीकशी चमक. प्रत्येक अक्षराला एक गडद रेघ आणि तिला लागून एक उजळ रेघ, आणि मुठीच्या वळणाबरोबर अक्षरंही वळलेली. काळा रंग वापरूच नका, मुठीवरच्या सावलीचा जो निळसर करडा आहे तोच घ्या. दोन तासांचं काम आहे. नाव तेच राहील, पण ते किटलीचं होईल.

याच बाबतीत क्लारा पेटर्स या चित्रकर्तीची आठवण येते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीची ही बाई, टेबलावर मांडलेल्या वस्तूंची चित्रं काढायची. तिच्या काही चित्रांत चांदीची सुरी असते आणि सुरीच्या मुठीवर तिचं नाव कोरलेलं असतं. १६१५च्या सुमाराचं एक चित्र आहे, त्यात सुरीवर नाव तर आहेच, पण मागच्या सुरईच्या धातूच्या झाकणावर नीट पाहिलं तर एका बाईचा इवलासा चेहरा दिसतो. ती स्वतः. आता तुमच्या किटलीकडे या. तिच्या पोटात खिडकीचं प्रतिबिंब तुम्ही सुरेख पकडलंय, खिडकीच्या चौकटीची रेघ फुगीर भागावर जशी वाकते तशी वाकवलीत, हे न शिकता जमणं सोपं नाही. पण ताई, तुम्ही किटलीसमोर बसून चित्र काढत होतात. म्हणजे त्या पोटात खिडकीशेजारी तुम्हीही दिसत असणार. तुम्ही स्वतःला गाळलंत. पुढच्या वेळी गाळू नका. डोकं, खांदे, ब्रश धरलेला हात, तीन-चार ठिपक्यांचं काम. मुठीवर नाव नसलं तरी चालेल मग.

डबक्यातलं नाव काढावं असं माझं स्पष्ट मत आहे. पावसानंतरचा रस्ता हे सहांतलं सगळ्यात चांगलं चित्र आहे, म्हणूनच एवढ्या आग्रहाने सांगते. तुम्ही नाव आरशात दिसतं तसं, डावं-उजवं उलटं लिहिलंय. जमिनीवरच्या पाण्यातलं प्रतिबिंब तसं नसतं. ते खाली डोकं वर पाय असतं. झाडाचा शेंडा तळाशी, बुंधा वर. तुमच्याच डबक्यात दिव्याचा खांब बरोबर तसा उलटा आहे आणि शेजारी नाव मात्र वेगळ्या नियमाने उलटलंय, त्यामुळे पाणी मोडतं. दुसरं त्याहून महत्त्वाचं. पाण्यात दिसतंय ते वर कुठेतरी असायला हवं. रस्त्याच्या कडेला पाटी नाही, फलक नाही. मग पाण्यात अक्षरं आली कुठून? बघणाऱ्याला हे असं शब्दांत सुचणार नाही, पण त्याला काहीतरी खटकेल आणि तो पाऊस बघायचं सोडून कोडं सोडवत बसेल.

कोड्याचं हे व्यसन फार जबर असतं. अल हर्शफेल्ड हे अमेरिकेतले मोठे रेखाचित्रकार. १९४५ साली मुलगी झाली, तेव्हापासून ते तिचं नाव, नीना, आपल्या चित्रांतल्या केसांत, कपड्यांच्या चुण्यांत लपवू लागले. लोकांना ते इतकं आवडलं की पुढे नाव किती वेळा लपवलंय तो आकडा ते सहीशेजारी लिहीत. मध्ये त्यांनी हे थांबवून पाहिलं, तर तक्रारीची पत्रं आली. मला त्यातलं वडिलांचं प्रेम फार आवडतं. पण लोक चित्र पाहायच्या आधी नाव शोधायला लागले, हेही खरं. तुमच्या घरी हे सुरू झालंय का, ते बघा. नवीन चित्र भिंतीवर लागल्याबरोबर नातेवाईक जवळ जाऊन नाक लावून ‘कुठे लपवलंय?’ असं विचारत असतील, तर एक-दोन चित्रं साध्या कोपऱ्यात साधी सही करा. त्यांनाही चित्राकडे बघायची सवय लागेल.

मुलाचं म्हणणं मात्र मान्य करायला हवं. लाल सहीबद्दल तो बरोबर बोलला. लाल रंग वाईट नाही. चीन-जपानमधल्या चित्रांत लाल शिक्का असतो आणि काळ्या शाईच्या अख्ख्या चित्रात तो एकटा लाल चौकोन चित्र तोलून धरतो. पण तो कुठे उमटवायचा याचा विचार झालेला असतो, मोकळ्या जागेचं वजन बघितलेलं असतं. तुमच्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या चित्रात सगळे रंग निवळ आहेत, फिकट निळा, राखाडी, मळका पांढरा. तिथे उजव्या कोपऱ्यातलं लाल नाव म्हणजे शांत खोलीत कुणीतरी मोठ्याने हाक मारावी तसं झालंय. घरच्या घरी एक चाचणी करा. चित्रापासून पाच-सहा पावलं मागे जा, डोळे किलकिले करा. सगळं धूसर होईल. त्या धूसरपणात सही वेगळी उठून दिसली तर ती जास्त झाली. रंग चित्रातलाच घ्यायचा, ज्या जागी सही करणार तिथल्या रंगापेक्षा दोन पायऱ्या गडद किंवा दोन पायऱ्या उजळ. ट्यूबमधून काढलेला कोरा रंग सहीला कधी वापरू नका. चित्रात तो कुठेच नसतो, मग सहीतच का असावा?

याच चित्रात तुमच्या नावाला घर आहे, ते तुम्हाला दिसलं नाही याची मला चुटपुट लागून राहिली. दोरी! आपल्या लिपीला शिरोरेषा आहे. अक्षरं तिला लोंबकळतात, जसे कपडे दोरीला. दोरीच्या डाव्या टोकाशी, जिथे ती भिंतीतल्या खिळ्याकडे जाते, तिथे हातभर दोरी रिकामी आहे. तीच शिरोरेषा समजा आणि तिच्याखाली चिमट्यांएवढी अक्षरं, चिमट्यांच्याच रंगात. अनुस्वार असेल तर तो दोरीवर बसलेला पक्षी होईल, पण तेवढा मोह आवरा. रोमन लिपीत सही करणाऱ्याला अशी सोय नसते. कपाटाची फळी, खिडकीचा उंबरा, दूरवरची पाण्याची कड, वीजेची तार, चित्रात जिथे जिथे आडवी रेघ आहे तिथे तिथे देवनागरीतलं नाव टांगता येतं. सही इंग्रजीतच हवी असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते विसरा.

पिसाबद्दल. चिन्ह ही सुंदर गोष्ट आहे, पण नुसतं आवडलं म्हणून घेतलेलं चिन्ह फार दिवस टिकत नाही. जेम्स व्हिसलर हा चित्रकार फुलपाखरू काढून सही करायचा, हे कदाचित तुम्हाला माहीत असेल. ते फुलपाखरू आकाशातून पडलं नव्हतं. त्याच्या नावाची आद्याक्षरं एकमेकांत गुंतवता गुंतवता त्यांतून पंख निघाले आणि पुढे वर्षानुवर्षं ते बदलत गेलं, त्याला नांगीसुद्धा फुटली. तुम्ही पीस का निवडलंत ते पत्रात लिहिलेलं नाही. तुमच्या नावाचं पहिलं अक्षर घ्या आणि एका कागदावर ते पन्नास वेळा गिरवा, दर वेळी थोडं पिसाकडे झुकवत. दांडा काना होतो का? वेलांटी पिसाच्या टोकासारखी वळते का? जमलं तर ते पीस तुमचं. अक्षरातून पीस निघालंच नाही तर नाव लिहा आणि पीस एखाद्या चित्राचा विषय म्हणून राखून ठेवा.

एक पथ्य मात्र पाळा. सहीचं रूप एकच ठेवा. जागा बदला, रंग बदला, कधी रंगवा, कधी कोरा, पण अक्षरांचं वळण तेच. आज पूर्ण नाव, उद्या आद्याक्षरं, परवा पीस असं झालं तर दहा वर्षांनी ही सगळी चित्रं एकाच हाताची आहेत हे कुणाला कळायचं नाही. हा धाक मी उगाच घालत नाही. यूडिट लेइस्टर नावाची डच चित्रकर्ती १६६० साली गेली. नावाची दोन अक्षरं आणि त्यांना जोडलेली चांदणी अशी तिची सही होती, कारण तिच्या आडनावाचा अर्थच दिशा दाखवणारा तारा. ती गेल्यावर दोनशेहून जास्त वर्षं तिची चित्रं इतरांच्या, मुख्यतः फ्रान्स हाल्स या तिच्याच काळातल्या नामवंत चित्रकाराच्या, नावावर खपली. १८९३ साली हाल्सच्या म्हणून समजल्या गेलेल्या एका चित्रावर तिची चांदणी ओळखू आली, आणि मग एकेक करत तिची चित्रं तिला परत मिळत गेली. तेवढ्या एका खुणेमुळे.

म्हणून ‘मी कोण मोठी लागून गेले’ हा प्रश्न मला पटत नाही. सही ही मोठेपणाची पावती नाही. मी ज्यांच्याकडे शिकले त्यांनी आयुष्यभर सही केली नाही, संकोच म्हणून. ते गेल्यावर घरच्यांनी कपाटातून शंभरावर चित्रं काढली. त्यांत त्यांची किती, विद्यार्थ्यांची किती, मित्रांची किती, हे ठरवायला आम्ही चौघं जमिनीवर बसलो होतो. वीसेक चित्रांचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. त्या दिवसापासून मी पेन्सिलीच्या कच्च्या रेखाटनावरही सही करते. आणि व्हान आइकचंच आणखी एक सांगते. त्याच्या काही चित्रांच्या चौकटीवर ग्रीक अक्षरांत एक वाक्य असतं. त्याचा अर्थ साधारण ‘मला जमेल तसं’. लाल पगडी घातलेल्या माणसाच्या चित्रावर ते आहे, आणि तारीखही आहे, २१ ऑक्टोबर १४३३. त्या काळातला एवढा पोचलेला हात, आणि लिहितो काय, तर मला जमेल तसं. तुम्हाला जमेल तसं तुम्ही काढलंत, मग नाव घालायला कसला संकोच?

नाव कुठलं, सासरचं की माहेरचं, हे सर्वस्वी तुमचं. व्हॅन गॉगने आडनाव सोडून नुसतं ‘व्हिन्सेंट’ लिहिलं, लोकांना आडनाव उच्चारता येत नाही म्हणून. त्याच्या सूर्यफुलांच्या चित्रात ते फुलदाणीवर आहे. तुमच्या लाल सहीत पहिलं नाव मोकळं, झोकदार आलंय आणि आडनावापाशी हात अडखळलाय, अक्षरं दाटलीत. हातानेच उत्तर दिलंय असं मला वाटतं.

निसर्गचित्राचं सांगायचं तर दुसऱ्याचं चित्र बघून काढणं हा शिकण्याचा जुना आणि चांगला मार्ग आहे, त्यात कमीपणा नाही. पण तिथे सही एकटी नको. पुढे नुसतं तुमचं नाव घातलंत तर रचना तुमची असल्याचा समज होतो, आणि त्या चित्रकाराची सही तर चुकूनही उतरवून घेऊ नका. ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या लाकडी ठशांच्या चित्रांच्या नकला मार्कान्तोनियो राइमोंदी या इटलीतल्या कलाकाराने केल्या, त्या ड्यूररच्या सहीच्या खुणेसकट. ड्यूररने व्हेनिसमध्ये तक्रार केली. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा व्हासारी सांगतो की ड्यूररला एवढंच मिळालं, यापुढे त्याची खूण वापरायची नाही. नकलेपेक्षा खुणेची चोरी मोठी ठरली. तुम्ही मागच्या बाजूला लिहा: अमुक चित्रकाराच्या अमुक चित्रावरून, अभ्यास म्हणून, मग तुमचं नाव आणि साल. पुढे काही नको.

जुन्या चित्रांवर आता सही करायला हरकत नाही, फक्त साल खरं घाला. चित्र ज्या वर्षी झालं ते. आणि सही तुमच्या आजच्या वळणाची करा, तीन वर्षांपूर्वीच्या अक्षराची नक्कल करत बसू नका. मागे लिहून ठेवा की सही नंतर केली. पुढेमागे कुणी तपासलं तर कळू शकतं. फार जुन्या तैलचित्रांत रंगाला बारीक भेगा पडलेल्या असतात, नंतर केलेल्या सहीचा रंग त्या भेगांत उतरलेला दिसतो. जाणकार असंच ओळखतात.

आता हाताचं काम. साधा मार्कर वापरू नका. मी एकदा घाईत काळ्या मार्करने सही केली आणि वरून व्हार्निश फिरवलं. अक्षरं डोळ्यांदेखत जांभळी होऊन पसरली. ते चित्र मी पुन्हा कुणाला दाखवलं नाही. अ‍ॅक्रिलिक रंगच शाईएवढा पातळ करा, बारीक लांब केसांचा ब्रश घ्या (दुकानात लायनर किंवा रिगर म्हणून मागा, शून्य किंवा एक नंबरचा), आणि अक्षर एका दमात लिहा. ब्रश टेकवत टेकवत लिहिलेली सही थरथरते, तुमच्या कपड्यांच्या चित्रात तसं झालंय. आधी पारदर्शक प्लास्टिकचा कागद वाळलेल्या चित्रावर ठेवून त्यावर सही करून बघा, सरकवून बघा, वर, खाली, डावीकडे. जागा ठरली की मगच चित्राला हात लावा. हे आधी केलं असतंत तर तीनदा पुसायची वेळ आली नसती. फ्रेमच्या खाचेत चित्राची अर्धा सेंटिमीटर तरी कड जाते, तेव्हा कडेपासून दोन सेंटिमीटर आत राहा. सही आधी, व्हार्निश नंतर. आणि चित्राच्या पाठीमागे लिहिताना कॅनव्हासवर बॉलपेन दाबू नका, दाब पुढे उमटतो. मागच्या लाकडी पट्टीवर लिहा: नाव, चित्राचं नाव, साल, माध्यम.

राहिलं खुर्चीचं चित्र.

ते मी शेवटी ठेवलं, कारण त्याच्याविषयी लिहायला मलाही वेळ लागला. आधी डागाचं बघू. कोपऱ्यातल्या डागावरच रंग थापू नका, ठिगळ दिसेल. खुर्चीच्या पुढच्या पायाची सावली जिथे संपते तिथपासून कडेपर्यंतची सगळी जमीन पुन्हा रंगवा. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, म्हणून रंग मिसळल्यावर कागदावर एक पट्टा मारा, वाळू द्या, तो चित्राशेजारी धरा आणि मगच लावा. दोन पातळ थर पुरेत.

आणि मग तिथे सही करू नका. तीनदा केलीत आणि तीनदा पुसलीत, यापेक्षा स्पष्ट उत्तर मी काय देणार? व्हेलास्केझ या स्पेनमधल्या चित्रकाराचं एक प्रचंड मोठं चित्र आहे, युद्धानंतर किल्ली सोपवण्याच्या प्रसंगाचं, १६३४-३५ मधलं. त्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली जमिनीवर, एक घडी उलगडलेला कागद त्याने रंगवलाय. चित्रकार सही करतात तसाच कागद, तशाच जागी. आणि तो कोरा आहे. सहीची जागा केली आणि सोडून दिली. का, ते त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही. त्या कोऱ्या कागदाकडे बघताना मला ते विचारावंसंही वाटत नाही.

तुमच्या चित्रात खुर्ची किंचित तिरपी आहे, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. हातावरची पॉलिश जिथे घासून गेलीय तिथे तुम्ही रंग पातळ ठेवलात, खालचा कॅनव्हास जाणवतो. ती झीज तुम्ही रोज पाहिलेली आहे, दुसऱ्या कुणाला ती तशी काढता आली नसती. पाठीमागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने तुमचं नाव लिहा, साल लिहा, आणि खुर्ची कुणाची तेही लिहा, त्यांच्या पूर्ण नावासकट. चष्म्याच्या डाव्या काचेत खिडकीच्या उजेडाचा जो पांढरा ठिपका आहे, तो तसाच राहू द्या. त्याच्यावर एक अक्षरही घालू नका.